तीनशे अठराचं काळं तिकीट

मी बोलतोय, पण मला वाचायला जाऊ नका. वाचण्यासारखं माझ्यावर आता काही उरलेलं नाही. एका फ्रिजच्या दारावर, टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली मी लटकलेलो आहे. हाताच्या पंजाएवढा, पूर्ण काळा. परवा या घरी जेवायला आलेल्या ड्वेननं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "हा काय, बोगद्यात काढलेला फोटो?"

मी पैजेचं तिकीट आहे. लास व्हेगासमध्ये बोल्डर हायवेवर 'कॉपर लँटर्न' नावाचा कॅसिनो आहे. तिथे खेळांच्या पैजा घेणाऱ्या खिडक्या आहेत, आणि त्यातल्या चार नंबरच्या खिडकीवर माझा जन्म झाला. तोही चुकून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी मोठेपणा मिरवू लागलो की तुम्हाला हसायला सोपं जाईल.

आमचा कागद उष्णतेचा. आम्हाला शाई लागत नाही, चटका लागतो. यंत्रातली तापलेली पट्टी अंगावरून फिरते आणि जिथे भाजतं तिथे अक्षर उमटतं. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी आम्ही हजारो भावंडं गुंडाळली गेलो. कुणी पेट्रोलपंपावर गेलं, कुणी तळलेल्या कोंबडीच्या दुकानात. मी कॅसिनोत आलो आणि गुंडाळीच्या आत काळोखात बसून मोठमोठी स्वप्नं पाहू लागलो. मला वाटायचं, मी म्हणजे साधी पावती नव्हे, मी एक वचन आहे. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून दिलेलं आणि कागदावर उतरलेलं वचन. जगात कुठे तरी खरेपणा उरला असेल तर तो माझ्यात, असं माझं ठाम मत होतं. कोंबडीच्या पावत्या झालेल्या भावंडांची मला कीव यायची. निदान त्यांच्यावर छापलेली कोंबडी त्या गिऱ्हाइकानं खरोखर मागवलेली होती, एवढा साधा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

आता मिलोबद्दल सांगतो. मिलो ह्रुश्का, वय चौऱ्याहत्तर. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याआधी सत्तावीस वर्षं तो याच चार नंबरच्या खिडकीमागे उभा राहून तिकिटं काढून द्यायचा. सत्तावीस वर्षांत त्याच्या हातून एकही आकडा चुकला नाही. हे मी नाही, तोच सांगतो, दर शनिवारी, न विचारता.

आकडा म्हणजे काय तेही ऐका. खिडकीवर कुणी संघाचं नाव घेत नाही. भिंतीवरच्या मोठ्या फलकावर प्रत्येक सामन्याला दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला एक नंबर. वरची ओळ पाहुण्या संघाची, खालची ज्याच्या मैदानावर सामना आहे त्याची. खिडकीवर यायचं, नंबर सांगायचा, रक्कम सांगायची, तिकीट घ्यायचं. एकदा खिडकी सोडली की तिकिटावर जे छापलंय तेच खरं. तुमच्या मनात काय होतं याला कुणी विचारत नाही. म्हणून मिलो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन वाक्यं बजावून सांगायचा. "खिडकी सोडायच्या आधी तिकीट वाचा. आणि ते गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवू नका." दुसरं वाक्य नेवाडाच्या उन्हासाठी. इथल्या उन्हात काचेखाली ठेवलेलं तिकीट संपूर्ण भाजतं, आणि संपूर्ण भाजलेल्या कागदावर सगळीच अक्षरं एकदम उमटतात, म्हणजे एकही दिसत नाही. नवखे प्रवासी ही चूक हमखास करतात. इथले लोक कधीच करत नाहीत.

मिलोची बायको नोरीन. ती एका शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. चाळीस वर्षांचा संसार. गेल्या उन्हाळ्यात त्या संसारात एक भांडण शिरलं आणि ते होतं निळ्या पिकअप गाडीच्या किल्लीवरून.

जूनमध्ये मिलो गाडी चालू ठेवून दुकानात गेला आणि तासाभरानं बाहेर आला. जुलैमध्ये तो घरी म्हणून निघाला आणि अकरा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथल्या बाईनं नोरीनला फोन केला. त्या संध्याकाळी नोरीन म्हणाली, "मिलो, किल्ली मला दे. मी चालवत जाईन."

"तू? तुला मागे घ्यायची म्हटली तरी घाम फुटतो."

"घाम फुटला तरी मी आपल्याच घरी येते."

हे त्याला लागलं.  मग म्हणाला, "हे बघ, माणूस रस्ता चुकतो, रस्ते बदलतात. आकडे बदलत नाहीत. ज्या दिवशी खिडकीवर माझा आकडा चुकेल, त्या दिवशी तू मागायची गरज नाही. मी स्वतः किल्ली तुझ्या हातात ठेवीन. तोवर हा विषय बंद."

नोरीननं तो विषय बंद केला. तिनं चाळीस वर्षांत त्याचा आकडा चुकलेला पाहिला नव्हता, त्यामुळे विषय कायमचा बंद झाला असंच तिला वाटलं. हे सगळं तेव्हा मला माहीत नव्हतं, मी गुंडाळीत बसून खरेपणावर चिंतन करत होतो. फ्रिजवर लटकल्यापासून घरातलं सगळं ऐकू येतं.

सप्टेंबरचा पहिला शनिवार उजाडला. मिलो मूळचा ओहायोतल्या हॅलोवे गावचा, आणि हॅलोवेच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणजे म्यूल्स. खेचरं. नावाला जागणारा संघ आहे, पुढे ढकलला तरी मागे सरकतो. पण त्यांचा हंगामाचा पहिला सामना दरवर्षी त्यांच्याच मैदानावर असतो, आणि दरवर्षी मिलो त्या सामन्यावर चाळीस डॉलर लावतो. म्यूल्स सरळ जिंकणार म्हणून, किती गुणांनी ही भानगड नाही. तीस वर्षं हाच नेम. आपलं मैदान म्हणजे खालची ओळ, म्हणजे सम आकडा.

यंदा मात्र हॅलोवेच्या मैदानाची एक बाजू दुरुस्तीला काढली होती. म्हणून सामना समोरच्या संघाच्या, रिव्हरमेनच्या, मैदानावर हलवला होता. म्यूल्स पाहुणे. वरची ओळ. तीनशे सतरा. रिव्हरमेन खाली, तीनशे अठरा. मिलोला हे माहीत नव्हतं असं समजू नका. आठवडाभर तो ड्वेनला हेच ऐकवत होता. "बघ, पाहुणे म्हणून जाऊन जिंकतील यंदा. वरच्या ओळीतून जिंकतील!"

ड्वेन हा निवृत्त बसचालक. तो म्हणायचा, "तुमची खेचरं बसमधून उतरली तरी मी टाळ्या वाजवीन."

सकाळी नऊ वाजता मिलो रांगेत उभा राहिला. चार नंबरच्या खिडकीमागे लिगाया होती. लिगायाला हे काम मिलोनंच शिकवलेलं, म्हणून ती अजून त्याला मास्तर म्हणते.

"या मास्तर. तुमची खेचरं न्याहारी करून आली का?"

"तुझी टिंगल संध्याकाळी ऐकतो. तीनशे अठरा, चाळीस."

लिगायाची बोटं थांबली. तिनं फलकाकडे पाहिलं, मग मिलोकडे. "मास्तर, तीनशे अठरा?"

मिलोच्या मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यातला ड्वेन खोकला. मिलोनं मान ताठ केली. "लिगाया, तुला आकडे शिकवले कोणी गं?"

रांगेत हशा पिकला. लिगाया लाजली. तिनं कळ दाबली, तापलेली पट्टी माझ्या अंगावरून फिरली आणि मी जन्माला आलो. '३१८, रिव्हरमेन, सरळ विजय.' मी आनंदानं थरथरत बाहेर पडलो. आता तो मला वाचेल, त्याच्या डोळ्यांत चमक येईल, असली स्वप्नं रंगवत मी त्याच्या हातात गेलो.

त्यानं मला वाचलंच नाही. सत्तावीस वर्षं अख्ख्या शहराला 'वाचा, वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसानं मला न बघता दुमडलं आणि सदऱ्याच्या खिशात सरकवलं. तिथे एक पेन्सिल होती, बोटाएवढी, खोडरबर नसलेली. ती म्हणाली, "नवीन दिसतोस. कोणावर आहेस?" मी अभिमानानं म्हणालो, "रिव्हरमेन." तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बाळा, तू चुकीच्या खिशात आलायस."

माझा खरेपणाचा माज तिथेच उतरायला हवा होता. पण मी नियमावर बोट ठेवलं. छापलंय तेच खरं, म्हणून मी खरा, आणि चुकला असेल तर मिलो. तारुण्यात आपण कसे निर्दयी असतो, माझं तर सगळं तारुण्य एका सकाळीत आटपलं.

साडेबाराला सामना सुरू झाला. नोरीनही आली होती. दोघं तिसऱ्या रांगेतल्या नेहमीच्या खुर्च्यांवर बसले. खिशात बसून मी आवाजावरूनच सामना ऐकत होतो. म्यूल्सचा चेंडू पुढे गेला की मिलोचं काळीज माझ्यावर धाडधाड आपटायचं, आणि मी, त्याच्या छातीशी चिकटून, रिव्हरमेनसाठी प्रार्थना करायचो. एवढ्या जवळ राहून एवढा परका मी कुणाला झालो नसेन.

शेवटचे चार सेकंद उरले असताना म्यूल्सच्या पोरानं लाथ मारली आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. रिव्हरमेन जिंकले. मी जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा. आयुष्य पावणेसात तासांचं होतं, तरी पहिल्यांदाच.

ड्वेन मागून ओरडला, "मिलो, खेचरांना बस लागली रे!"

"तुझ्या बसमध्ये बसली असतील." मिलो हसला, पण आवाज पडलेला होता. त्यानं मला खिशातून काढलं आणि न उघडताच नोरीनच्या हातात दिलं. "घे. खोक्यात जाऊ दे."

इथली माणसं हरलेली तिकिटं जमिनीवर टाकतात. मिलो टाकत नाही. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तो ती तारखेवार लावून ठेवतो, एप्रिलमध्ये कर भरताना तोटा दाखवायला. रविवारी सकाळी कॉफी घेत तो खोकं घेऊन बसतो, एकेक तिकीट वाचतो आणि जागच्या जागी ठेवतो.

नोरीननं मला उघडलं, नुसती तारीख बघायला. मग तिनं चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. फलकाकडे पाहिलं. जन्मल्यापासून मला कुणीतरी पहिल्यांदा नीट वाचत होतं. मी छाती फुगवली. बाई, जिंकलोय मी! जा, पैसे घेऊन या!

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं, एवढं मलासुद्धा कळलं.

तिनं मला पटकन मुठीत घेतलं. आता माझं करायचं काय, हा तिला प्रश्न. मला खिडकीवर द्यावं, तर लिगायाला कळणार, तिच्याकडून मिलोला कळणार. फाडून टाकावं, तर उद्या सकाळी मिलो खोक्यात मला शोधणार. आणि मिलोनं मला वाचलं, तर तो स्वतःचा शब्द पाळणार. किल्ली ठेवणार आणि किल्लीबरोबर बाकीही सगळं खाली ठेवणार. सत्तावीस वर्षं, मास्तर हे नाव, ताठ मान. जुलैपासून तिला ती किल्ली हवी होती, आणि आता किल्ली मिळवून देणारा कागद हातात आला, तर ती त्यापासून सुटका शोधत होती. माणसं अशी का वागतात, हे मला तेव्हा समजलं नाही.

दोघं कॅसिनोच्याच खाणावळीत गेले. शनिवारी चार वाजल्यापासून म्हाताऱ्यांसाठी कांद्यातली कलेजी स्वस्त मिळते. बसल्या बसल्या नोरीन म्हणाली, "इथे काय गारठवून ठेवलंय. माझं स्वेटर गाडीत राहिलं. किल्ली दे."

मिलोनं किल्ली पुढे केली आणि हलकेच मागे ओढली. "परत आण हं. हिच्यावर तुझा डोळा आहे, ठाऊक आहे मला."

"गप रे. कलेजी मागव."

बाहेर ऊन असं होतं की गाडीचं दार उघडताना तिनं स्वेटरच्या आधी रुमाल शोधला. गाडीचं तोंड पश्चिमेला होतं. तिनं मला उलगडलं, सरळ केलं आणि पुढच्या काचेखाली, अक्षरं वर करून ठेवलं. क्षणभर तिचं बोट माझ्यावर राहिलं. "माफ कर," ती म्हणाली. मला म्हणाली की मिलोला, कोण जाणे. मग दार लावून, उन्हात स्वेटर घालून ती निघून गेली.

आधी माझ्या कडा करड्या झाल्या. मग तारीख गेली. मग 'रिव्हरमेन' गेलं, मग '३१८'. चटक्यानंच मी जन्मलो होतो, चटक्यानंच पुसला जात होतो. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. वचन म्हणून नाही, निदान हुतात्मा म्हणून तरी उपयोगी पडू. एका म्हाताऱ्याची मान ताठ राहावी म्हणून मी काळा होतोय. आपल्या त्यागाचं मला एवढं भरून आलं की शेवटची चार अक्षरं मी स्वतःच भाजून घेतली असती. माझ्या मृत्यूनंही काही लपणार नव्हतं, हे त्या वेळी या हुतात्म्याला कळलं नाही.

तासाभरानं दोघं आले. मिलो चालकाच्या जागी बसला, किल्ली लावली, आणि मला पाहिलं.

"अगं बाई!" नोरीन म्हणाली. "तिकीट इथेच राहिलं वाटतं. स्वेटर काढताना ठेवलं असेन. जाऊ दे, हरलेलंच होतं."

मिलोनं मला उचललं. उलटून पाहिलं, सरळ करून पाहिलं. त्यानं अशी काळी तिकिटं शेकड्यांनी पाहिली होती, रडवेल्या प्रवाशांच्या हातात.

"नोरीन, खिडकीवर मी लोकांना काय सांगायचो?"

"मिलो, घरी चल ना. ऊन आहे."

"सांग तरी."

"खिडकी सोडायच्या आधी तिकीट वाचा."

"आणि दुसरं?"

तिनं रुमालानं कपाळ पुसलं.

"चाळीस वर्षांत तू एकदा तरी तिकीट काचेखाली ठेवलंस?"

"विसरले रे. माणूस विसरतो."

"तू विसरत नाहीस." तो अगदी हळू बोलला. "विसरतो मी."

त्यानं मला पुन्हा एकदा उजेडात धरलं. मग त्यानं विचारलं, "तीनशे अठरा?"

नोरीननं मान डोलावली.

"लिगायानं विचारलं होतं मला. चांगली पोरगी. मीच तिला चार लोकांत गप्प केलं." त्यानं मला सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पेन्सिलीशेजारी. लावलेली किल्ली काढली आणि नोरीनच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. दार उघडून तो खाली उतरला. गाडीच्या पुढून, तापलेल्या बोनेटवर हात टेकत, दुसऱ्या बाजूला आला. नोरीन अजून तिथेच बसून होती.

"सरक की," तो म्हणाला. "की मीच चालवू?"

त्या दिवशी आम्हाला घरी पोहोचायला दुप्पट वेळ लागला. नोरीन सायकलच्या वेगानं चालवत होती आणि मिलो शेजारून सूचना देत होता. "डावीकडचा आरसा बघ. तो नाही गं, तो माझा." एका सिग्नलला दोघं हसायला लागले आणि हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. पोचलो मात्र आपल्याच घरी.

पुढच्या शनिवारी मिलोनं भर रांगेत लिगायाची माफी मागितली. तीही म्हणाली, "मास्तर, मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." तिनं हळूच असंही सुचवलं की यंत्रातून माझा माग काढता येईल, पैसे मिळतील. मिलोनं नकारार्थी मान हलवली. "काळं तिकीट चालत नाही. तुला नियम शिकवले कोणी?" या वेळी रांगेत सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

माझ्या तळाशी पैसे वसूल करायची एकशे वीस दिवसांची मुदत छापलेली होती. तीही काळ्यात गेली आणि काही आठवड्यांपूर्वी उलटूनही गेली. आता मी कायद्यानंही कुणी नाही. माझ्या शेजारच्या खुंटीवर गाडीची किल्ली असते, ती येताजाता मला धक्का देते. एवढी एकच ओळखीची मंडळी उरली आहे मला.

कुणी तरुण येतो, मला हसतो आणि म्हणतो, आता पैजा फोनवरच लावता येतात, अंगठा टेकवला की झालं. होऊ दे. पण माझं एक म्हणणं ऐका, काळ्या कागदाचं म्हणून का होईना. मी खरेपणाच्या एवढ्या बाता मारल्या, पण त्या दिवशी त्या दालनात खरं वागलेली वस्तू मी नव्हतो. खरी होती लिगायाची थांबलेली बोटं आणि तिचा तो एक प्रश्न. अंगठ्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्हाला कुणी 'नक्की ना?' म्हणून विचारलं, तर चिडू नका. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर रांग हसली तरी दुसऱ्यांदा विचारा.

आज शनिवार आहे. थोड्या वेळापूर्वी नोरीननं किल्ली उचलली, मिलोनं सदऱ्याच्या खिशात पेन्सिल ठेवली. आता खिडकीवर तिकीट मिळालं की मिलो ते मोठ्यानं वाचतो, मग नोरीनच्या हातात देतो आणि ती मोठ्यानं वाचते. मागची रांग कुरकुरते. दोघांचं वाचून झाल्याशिवाय ते खिडकी सोडत नाहीत.

म्यूल्सचा हंगाम हरण्यातच संपला. पण प्रत्येक तिकीट दोनदा वाचलं जातं. मला एकदाही कुणी वेळेवर वाचलं नाही, तरी हे वाचन माझ्यामुळे सुरू झालं, एवढी फुशारकी तुम्ही मला मारू द्याल ना?